सेलबर्नच्या बागेतील फुलांची रोजनिशी

जानेवारीचा महिना. इंग्लंडमधील कडाक्याचा हिवाळा. सकाळचे आठ वाजले तरी नीट उजाडलेले नसते आणि दुपारचे चार वाजतात न वाजतात तोच काळोख दाटू लागतो. झाडांची पाने केव्हाच गळून गेलेली असतात. ओक, बीच यांसारखे प्रचंड वृक्ष जणू नुसते सांगाडे होऊन उभे असतात. हिरवळीवर दहिवर गोठून पांढरे झालेले असते. अशा दिवसांत बागेत जाऊन फुले शोधावीत, असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही.

परंतु सुमारे अडीचशे वर्षांपूर्वी दक्षिण इंग्लंडमधील एका लहानशा खेड्यात एक गृहस्थ नेमके हेच करीत असत. भर हिवाळ्यात ते आपल्या बागेत हिंडत, झुडपांच्या बुंध्याशी वाकून पाहत, वाफ्यांतील ओल्या मातीचे निरीक्षण करीत. आणि घरात आल्यावर आपल्या वहीत एखादी ओळ लिहून ठेवीत. कोणत्या दिवशी कोणते फूल प्रथम उमलले, वारा कोणत्या दिशेने वाहत होता, थंडी किती होती, एवढाच त्या ओळीतील मजकूर असे. त्यांचे नाव गिल्बर्ट व्हाइट. त्यांच्या गावाचे नाव सेलबर्न. त्यांची बाग आजही आहे, आणि त्यांच्या वह्याही आहेत. त्या लहान लहान ओळींना पुढे केवढे मोल आले, त्याची ही हकीकत आहे.

सेलबर्न हे गाव हॅम्पशायर परगण्यात आहे. गावाच्या पाठीशी एक उंच टेकडी असून तिच्या उतरणीवर बीच वृक्षांचे दाट रान आहे. याच गावात १८ जुलै १७२० रोजी व्हाइट यांचा जन्म झाला. त्यांचे शिक्षण ऑक्सफर्ड विद्यापीठात झाले. पुढे त्यांनी धर्मोपदेशकाचा व्यवसाय पत्करला. मनात आणले असते तर त्यांना एखाद्या मोठ्या गावी अधिक मानाची जागा मिळवता आली असती. परंतु सेलबर्नची माती त्यांना सुटेना. 'द वेक्स' नावाच्या आपल्या घरात राहून त्यांनी आयुष्याचा बहुतेक काळ त्या एका गावाच्या, आणि विशेषतः त्या एका बागेच्या, निरीक्षणात घालवला.

व्हाइट काही फार श्रीमंत नव्हते. पण त्यांची हौस मोठी होती. त्या काळी इंग्लंडातील सरदार लोक आपल्या बागांतून संगमरवरी पुतळे उभारीत. व्हाइट यांना ते परवडण्यासारखे नव्हते. म्हणून त्यांनी हर्क्युलिस या ग्रीक वीराची आकृती एका मोठ्या फळीवर रंगवून घेतली आणि ती फळी बागेच्या टोकाला उभी केली. घराकडून पाहणाऱ्याला तो दगडी पुतळाच वाटे! शेणखताच्या उबेवर वाफे तयार करून त्यांत ते खरबुजे पिकवीत. भिंतींच्या आश्रयाने त्यांनी जर्दाळू आणि पीच यांची झाडे वाढवली होती. आपल्या भावाच्या साहाय्याने १७५३ साली त्यांनी टेकडीवर चढून जाण्यासाठी एक नागमोडी वाटही तयार केली. ती वाट आजही वापरात आहे.

या बागेची पहिली नोंदवही व्हाइट यांनी जानेवारी १७५१ मध्ये सुरू केली. प्रारंभी तिच्यात बागकामाचाच हिशेब असे. कोणते बी केव्हा पेरले, ते केव्हा उगवले, कोणत्या वाफ्याला किती खत घातले, अशा त्या साध्या नोंदी होत्या. परंतु रोज लिहिण्याची सवय लागली की रोज पाहण्याचीही सवय लागते. हळूहळू त्यांची दृष्टी वाफ्यांच्या पलीकडे, कुंपणाकडे, रानाकडे आणि ओढ्याकडे वळली. १७६६ साली त्यांनी वर्षभर केवळ वनस्पतींसाठी एक स्वतंत्र वही लिहिली. गावाच्या परिसरात कोणती वनस्पती केव्हा फुलते, हे तिच्यात दिलेले आहे.

त्यानंतर त्यांना एक नवे साधन मिळाले. डेन्स बॅरिंग्टन नावाच्या एका निसर्गप्रेमी न्यायाधीशांनी निसर्गनिरीक्षकांसाठी एक छापील नोंदवही तयार केली होती. तिच्या प्रत्येक पानावर स्तंभ आखलेले होते. एका स्तंभात उष्णतामापकाचा आकडा लिहावयाचा, दुसऱ्यात वाऱ्याची दिशा, तिसऱ्यात पाऊस. पुढे कोणत्या वृक्षाला प्रथम पालवी फुटली, कोणती वनस्पती प्रथम फुलली, कोणता पक्षी अथवा कीटक प्रथम दिसला, यांसाठी वेगवेगळे स्तंभ होते. १७६८ सालच्या आरंभापासून व्हाइट ही वही भरू लागले. २६ जून १७९३ रोजी, वयाच्या ७२ व्या वर्षी, त्यांचा अंत झाला. मृत्यूपूर्वी थोडेच दिवस आधीपर्यंत त्यांच्या नोंदी चालू होत्या. म्हणजे ही वही त्यांनी पंचवीस वर्षांहून अधिक काळ चालवली!

आता हिवाळ्यात त्या बागेत पाहण्यासारखे असे काय होते, ते पाहू.

इंग्लंडमधील हिवाळा आपण समजतो तितका ओसाड नसतो. वर्षाच्या प्रारंभीच हेलेबोर नावाच्या एका झुडपाला फिकट हिरव्या रंगाची फुले येतात. ती पानांच्या रंगात इतकी मिसळून जातात की घाईने जाणाऱ्याला दिसतही नाहीत. विंटर ॲकोनाइट हे बोटभर उंचीचे रोपटे आपले पिवळेधमक फूल मातीच्या अगदी जवळ उघडते. त्याच सुमारास स्नोड्रॉपची पांढरीशुभ्र फुले मान खाली घालून डोलू लागतात. स्नोड्रॉप या शब्दाचा अर्थ 'हिमबिंदू' असा होतो, आणि ते नाव त्या फुलाला शोभते. हेझलच्या निष्पर्ण फांद्यांवरून पिवळसर तुरे लोंबू लागतात. त्यानंतर क्रोकसची जांभळी व पिवळी फुले येतात. मग प्रिमरोझ, व्हायोलेट आणि डॅफोडिल यांची पाळी येते. आणि वसंत ऋतू दाराशी येऊन ठेपतो.

बाहेर बर्फ पडत असताना ही एवढीशी रोपटी फुलण्याचे धाडस तरी कसे करतात? याचे उत्तर जमिनीखाली आहे. स्नोड्रॉप व क्रोकस यांना कंद असतात. मागील वसंतात पानांनी तयार केलेले अन्न या कंदांत साठवलेले असते. त्यामुळे फुलण्यासाठी त्यांना नव्या पानांची वाट पाहावी लागत नाही. स्नोड्रॉपच्या पानांची टोके कठीण असतात. ती गोठलेली माती भेदून वर येऊ शकतात. शिवाय लवकर फुलण्यात त्यांचा एक फायदाही असतो. मोठ्या वृक्षांना पालवी फुटली म्हणजे त्यांच्या खाली दाट सावली पडते. ती पडण्यापूर्वीच ही छोटी रोपटी मिळेल तेवढ्या उन्हाचा लाभ घेतात. एखाद्या उबदार दुपारी मधमाश्या पोळ्यातून बाहेर पडतात, तेव्हा त्यांना याच फुलांतून मध व पराग मिळतात. सारांश, ही फुले भलत्या वेळी फुलत नाहीत. ती आपली वेळ साधूनच फुलतात.

परंतु ही वेळ दरवर्षी एकाच तारखेला येत नाही. व्हाइट यांच्या नोंदींवरून असे दिसते की, स्नोड्रॉपचे पहिले फूल एखाद्या वर्षी जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यातच उमले, तर एखाद्या वर्षी त्यासाठी फेब्रुवारी उजाडावा लागे. हिवाळा सौम्य असला की फूल लवकर येई. कडक असला की उशिरा. म्हणूनच एका वर्षाच्या नोंदीवरून काहीच सिद्ध होत नाही. दहा वर्षांच्या नोंदी जमल्या म्हणजे थोडेसे कळू लागते. पंचवीस वर्षांच्या नोंदी हाती आल्या म्हणजे त्या फुलाचा स्वभाव ध्यानात येतो.

अशी नोंद ठेवणे वरवर पाहता फार सोपे वाटते. त्यात बुद्धीपेक्षा नेमाची आणि सचोटीची कसोटी असते. पहिले फूल आज उमलले आणि आपण बागेत गेलो तीन दिवसांनी, तर वहीत चुकीची तारीख पडते. आणि गेलेला दिवस काही केल्या परत आणता येत नाही. 'बहुधा सोमवारी उमलले असावे' असे अंदाजाने लिहून ठेवण्याचा मोह होतो. परंतु जे डोळ्यांनी पाहिले नाही ते पाहिले म्हणून लिहिणे ही नोंदवहीशी केलेली प्रतारणा होय. कळी आणि फूल यांतील भेदही दरवर्षी एकाच मापाने ठरवावा लागतो. एका वर्षी अर्धवट उघडलेल्या कळीला फूल म्हणायचे आणि दुसऱ्या वर्षी पूर्ण उमललेल्या फुलालाच फूल म्हणायचे, असे केले तर त्या दोन वर्षांची तुलना कशी करता येईल?

जुन्या नोंदी वाचणाऱ्यालाही तितकेच सावध राहावे लागते. व्हाइट यांनी पहिली वही सुरू केली तेव्हा इंग्लंडमध्ये जुनी पंचांगपद्धती चालू होती. ती सूर्याच्या गतीशी जुळेनाशी झाली होती. म्हणून १७५२ साली तेथील सरकारने नवी पद्धती स्वीकारली. त्या वर्षी २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १४ सप्टेंबर ही तारीख धरण्यात आली. मधल्या अकरा तारखा पंचांगातून गळाल्या! त्यामुळे त्यापूर्वीच्या नोंदी वाचताना प्रत्येक तारखेत अकरा दिवस मिळवावे लागतात. जुन्या पंचांगातील २० जानेवारी म्हणजे आजच्या हिशेबाने ३१ जानेवारी होय. हे ध्यानात न घेतल्यास पूर्वीची फुले होती त्यापेक्षा अकरा दिवस आधी फुलत असत, असा खोटाच निष्कर्ष निघेल.

नित्य निरीक्षणाने रूढ समजुतींची पारख कशी होते, याचेही एक सुंदर उदाहरण व्हाइट यांच्या लेखनात आढळते. १७६८ च्या जानेवारीत सेलबर्नला अतिशय कडक थंडी पडली आणि बागेतील सदाहरित झुडपांची फार हानी झाली. पुढे १७७६ च्या जानेवारीत तर प्रचंड हिमवर्षाव झाला. त्या महिन्याच्या ३१ तारखेला सूर्योदयापूर्वी व्हाइट यांच्या उष्णतामापकातील पारा फॅरनहाइटच्या शून्य अंशावर उतरला. पाणी ज्या अंशावर गोठते त्याच्याही हा ३२ अंश खाली. सेल्सिअसच्या मापाने सांगावयाचे तर शून्याखाली सुमारे १८ अंश!

थंडी ओसरल्यावर व्हाइट यांनी बागेतील झाडे तपासली. दक्षिणेकडची, म्हणजे उन्हाची बाजू सुरक्षित राहिली असेल आणि उत्तरेकडची, सावलीची बाजू करपली असेल, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात आढळले ते याच्या उलट. ज्या झुडपांची दक्षिणेकडील पाने करपली होती, त्यांचीच उत्तरेकडील पाने हिरवीगार होती! शेजाऱ्यांचे एक कुंपण उंच जागी, उत्तरेला तोंड करून होते. ते तर टवटवीत राहिले होते. उन्हाच्या बाजूला दिवसा बर्फ वितळते आणि रात्री ते पाणी पुन्हा गोठते. या वारंवार होणाऱ्या बदलाने पाने दुखावतात. सावलीतील पाने मात्र एकसारख्या थंडीत राहतात आणि बचावतात. व्हाइट यांनी आपल्या झुडपांच्या फांद्यांवर साचलेले बर्फ दररोज झाडून टाकण्याची दक्षता घेतली होती. तिचाही चांगला उपयोग झाल्याचे त्यांना दिसून आले. कोणत्याही ग्रंथात न शोधता, केवळ झाडाच्या दोन्ही बाजू पाहिल्यामुळे त्यांना हे ज्ञान मिळाले.

तथापि निरीक्षणाने प्रत्येक प्रश्न सुटतोच असे नाही. कधी कधी त्यातून नवा प्रश्न निर्माण होतो. क्रोकस या फुलाविषयी व्हाइट यांच्या मनात असाच एक प्रश्न उभा राहिला होता. क्रोकसच्या कुळातील एक प्रकार कडक थंडीला न जुमानता वसंताच्या आरंभी फुलतो. त्याच कुळातील दुसरा प्रकार म्हणजे केशर. तेच केशर, ज्याचे तंतू आपल्याकडे सणासुदीला श्रीखंडात घालतात. केशराचे फूल मात्र सारा वसंत आणि सारा उन्हाळा जाऊ देते आणि शरद ऋतूत, इतर वनस्पती सुकू लागल्या म्हणजे उमलते. काश्मीरमधील केशराच्या शेतांतही ती फुले ऑक्टोबर-नोव्हेंबरातच येतात. दोन्ही रोपटी दिसायला इतकी सारखी, दोघांनाही तीच माती आणि तोच सूर्य. मग एकाला बर्फात फुलण्याची घाई आणि दुसऱ्याला सहा महिने थांबण्याची सबुरी का असावी? रोजची गोष्ट म्हणून लोक याकडे दुर्लक्ष करतात. परंतु नेहमीच्या गोष्टींतच निसर्गाचे मोठे कोडे असते, असे व्हाइट यांना वाटे.

व्हाइट यांच्या बागेत वसंताचा आणखी एक दूत होता. तो म्हणजे टिमोथी नावाचे एक कासव. १७८० साली व्हाइट यांनी ते आपल्या आत्याच्या घरून आणले. हिवाळ्याच्या तोंडाशी ते माती उकरून तिच्यात स्वतःला गाडून घेई आणि वसंतात पुन्हा वर येई. फुलांबरोबर या कासवाच्या निजण्याजागण्याच्या तारखाही व्हाइट आपल्या वहीत लिहीत. टिमोथी हे नाव पुरुषाचे. पण ते कासव मादी होते, हे पुढे तिच्या कवचावरून समजले. ते कवच लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयात जतन करून ठेवले आहे.

या कार्यात व्हाइट एकटे नव्हते. ससेक्स परगण्यात विल्यम मार्कविक नावाचे दुसरे एक निरीक्षक अशाच नोंदी ठेवीत असत. पुढे या दोघांच्या १७६८ ते १७९३ या काळातील नोंदी शेजारी शेजारी मांडून एक तक्ता प्रसिद्ध करण्यात आला. प्रत्येक फुलासमोर त्याच्या उमलण्याची सर्वांत लवकरची आणि सर्वांत उशिराची तारीख दिलेली होती. एकच फूल दोन गावांत वेगवेगळ्या दिवशी फुलते, हे त्यावरून सहज दिसे. नॉरफोक परगण्यातील रॉबर्ट मार्शम यांनी तर १७३६ पासूनच वसंताच्या आगमनाच्या खुणा टिपण्यास प्रारंभ केला होता. स्नोड्रॉपचे पहिले फूल ही त्यांतीलच एक खूण. व्हाइट यांचा सेलबर्नवरील सुप्रसिद्ध ग्रंथ १७८९ साली वाचकांच्या हाती आला. तो वाचून मार्शम यांनी त्यांना पत्र लिहिले. त्या वेळी मार्शम ८२ वर्षांचे होते आणि व्हाइट ७० वर्षांचे. फुले, पाखरे आणि वृक्ष यांविषयी या दोन वृद्धांचा पत्रव्यवहार व्हाइट यांच्या अखेरच्या दिवसांपर्यंत चालला. मार्शम यांच्या मृत्यूनंतर त्यांच्या वंशजांनी हे काम पुढे नेले. मध्ये काही वर्षांचा खंड पडला. तरीही १९५८ सालापर्यंत त्या घराण्यात वसंताची नोंद होत राहिली.

ज्यांनी या वह्या लिहिल्या, त्यांना आपल्या श्रमांचे फळ काय मिळणार याची पुरती कल्पना नव्हती. कोणत्या वेळी पेरणी करावी, कोणती खूण पाहून वसंत आला असे समजावे, एवढा व्यावहारिक उपयोग त्यांच्या मनात असेल. आणि मुख्यतः, पाहण्यातला निर्मळ आनंद असेल. परंतु दोन शतके लोटल्यावर जगापुढे एक नवा प्रश्न उभा राहिला. पृथ्वीचे हवामान अधिक उष्ण होत आहे; त्याचा सजीवांवर काय परिणाम होतो? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी जुन्या काळची माहिती हवी होती. ती नव्याने गोळा करता येण्यासारखी नव्हती. १७६८ सालची फुले कोण पुन्हा पाहू शकणार? अशा वेळी या साध्या वह्याच शास्त्रज्ञांच्या साहाय्यास आल्या. ऋतूंबरोबर सजीवांत होणाऱ्या बदलांच्या या अभ्यासाला आता 'फेनॉलॉजी' असे नाव आहे.

१९९५ साली मार्शम घराण्याच्या नोंदींचा शास्त्रीय अभ्यास प्रसिद्ध झाला. २०२२ साली केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी ब्रिटनमधील फुलांच्या नोंदींचा आणखी विस्तृत अभ्यास मांडला. १७५३ पासूनच्या अशा चार लाखांहून अधिक नोंदी त्यांनी तपासल्या. त्या ४०६ प्रकारच्या वनस्पतींच्या होत्या. १७५३ ते १९८६ या काळाशी १९८७ ते २०१९ या काळाची तुलना केली, तेव्हा असे आढळले की वनस्पतींची पहिली फुले आता सरासरीने जवळजवळ एक महिना आधी उमलू लागली आहेत. मोठ्या वृक्षांपेक्षा लहान रोपट्यांत हा बदल अधिक दिसून आला.

फुले लवकर आली तर त्यात वाईट ते काय, असे कोणी विचारील. बागेत लवकर शोभा येते हे खरे. परंतु तिच्यामागे धोकाही असतो. उबदार हवेने फसून फळझाडे लवकर मोहरली आणि मागाहून एका रात्री कडक थंडी पडली, तर सारा बहर करपून जातो आणि त्या वर्षी फळच धरत नाही. फुलांवर जगणारे कीटक आणि कीटकांवर जगणारी पाखरे यांच्या वेळाही एकमेकांशी बांधलेल्या असतात. फूल आधी उमलून गेले आणि कीटक मागाहून बाहेर पडले, तर कीटकांना अन्न मिळत नाही आणि फुलांना परागवाहक मिळत नाहीत. पाखरांच्या पिलांची मग काय स्थिती होणार? निसर्गाच्या या साखळीतील एक कडी सरकली की पुढच्या कड्यांनाही हिसका बसतो. हा हिसका किती आहे आणि कोठे आहे, हे कळल्याशिवाय त्यावर उपाय योजता येत नाही. आणि नोंदींवाचून ते कळत नाही.

व्हाइट यांचे 'द वेक्स' हे घर आज संग्रहालय झाले असून ते १९५५ पासून लोकांना खुले आहे. त्यांच्या हस्तलिखित रोजनिशा ब्रिटिश ग्रंथालयात सुरक्षित ठेवल्या आहेत. सेलबर्नची बागही जुन्या पद्धतीने राखलेली आहे. हिवाळा आला की तेथील मातीतून पुन्हा स्नोड्रॉपची पांढरी फुले मान वर काढतात आणि लगेच लाजून खाली घालतात. मनुष्य जातो, पण ऋतूंचे येणेजाणे चालूच राहते. ते टिपून ठेवणारा मात्र प्रत्येक पिढीत नव्याने जन्माला यावा लागतो.

आपल्या देशातही आता हे काम सुरू झाले आहे. 'सीझनवॉच' नावाच्या उपक्रमात अनेक शाळांतील विद्यार्थी आपापल्या परिसरातील एखादे झाड निवडतात आणि दर आठवड्याला त्याची पालवी, फुले व फळे पाहून नोंद करतात. महाराष्ट्रात बर्फ पडत नाही. तरीही आपला हिवाळा फुलांवाचून नसतो. आंब्याला मोहर येतो. पुढे पानगळ झालेल्या सावरीवर आणि पांगाऱ्यावर लाल फुले दिसू लागतात आणि पळसाने माळ पेटल्यासारखा वाटू लागतो. शाळेच्या वाटेवरील पळसाचे पहिले फूल यंदा कोणत्या तारखेला उमलले, हे गावात किती जणांना सांगता येईल?

त्यासाठी भारी उपकरण लागत नाही आणि दूर प्रवासही करावा लागत नाही. एक झाड, एक वही, रोज थोडा वेळ पाहण्याचा नेम आणि पाहिले तेवढेच लिहिण्याची सचोटी, एवढी सामग्री पुरेशी आहे. सेलबर्नच्या त्या गृहस्थांजवळ तरी याहून अधिक काय होते?

स्वाध्याय

१. व्हाइट यांच्या पहिल्या नोंदवहीत कोणत्या गोष्टी असत? पुढे त्यांच्या नोंदींत कोणता बदल झाला?

२. स्नोड्रॉप व क्रोकस ही रोपटी हिवाळ्यात कशी फुलू शकतात, ते सांगा.

३. कारणे द्या : (अ) १७५२ पूर्वीच्या नोंदी वाचताना तारखेत अकरा दिवस मिळवावे लागतात. (आ) १७७६ च्या थंडीत झुडपांची उन्हाकडील पाने करपली. परंतु सावलीकडील पाने हिरवी राहिली.

४. 'जे डोळ्यांनी पाहिले नाही ते पाहिले म्हणून लिहिणे ही नोंदवहीशी केलेली प्रतारणा होय.' या वाक्याचा अर्थ तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.

५. फुले वेळेआधी उमलल्यामुळे कोणते धोके संभवतात?

६. शाळेजवळचे किंवा घराजवळचे एक झाड निवडा. त्याची कळी, फूल, फळ व पालवी यांची वर्षभर नोंद ठेवा. नोंदीत तारीख लिहिण्यास विसरू नका.